तिकांडं कुठंय? : घरासाठी स्टार प्रोजेक्टर निवडतानाचे तीन महिने

माझ्या सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. शेतीपंपाची लाईट रात्रीची असेल त्या दिवसांत उभं आयुष्य त्यांनी रात्री-बेरात्री पाणी धरलं. तेव्हा हातात घड्याळ नसायचं. मार्गशीर्षात तिकांडं, म्हणजे मृगातले ते ओळीतले तीन तारे, डोक्यावर आलं की मध्यरात्र झाली. पुढे दर महिन्याला ते दोन तास आधी डोक्यावर येतं. हा हिशोब त्यांच्या अंगात इतका मुरलेला आहे की लग्नानंतर पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी वहीत लिहून ठेवला होता.

१५ ऑक्टोबर २०२३ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, नाना ओट्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला आणून ऑपरेशन केलं आणि दसऱ्याला, २४ तारखेला, आमच्या पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने त्या पायावर भार द्यायचा नाही. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, गच्चीला त्यावर अठरा पायऱ्या. नानांच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते.

दुखण्याची कुरकूर त्यांनी कधी केली नाही. पण रात्री झोप मोडली की हाक मारायचे, "किती वाजले गं?" मी म्हटलं, नाना, घड्याळ समोरच लावलंय. ते म्हणाले, "घड्याळ दिसतंय. पण रात्र किती सरली ते कळत नाही." त्याच रात्री मी फोनवर "स्टार प्रोजेक्टर" शोधायला लागले.

ज्यांना असंच काही घ्यायचंय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते. मला तीन महिने लागले. त्यातले दोन केवळ चुकीच्या वस्तूंमध्ये गेले.

सुरुवातीला जे समोर येतं ते बहुतेक "गॅलक्सी लाईट" असतं. अंतराळवीराच्या आकाराचं, गोल, अंड्यासारखं, नाना प्रकारचं. त्यातलं एक ३० ऑक्टोबरला मागवलं, १,७९९ रुपयांना. ४ नोव्हेंबरला आलं. खोलीत अंधार केला, बटण दाबलं आणि छतभर जांभळे-निळे ढग फिरायला लागले, त्यावर हिरवे ठिपके. लेक आनंदाने ओरडली. नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे गं. पण ह्यात तिकांडं कुठंय?"

नव्हतं. असणंच शक्य नव्हतं. या दिव्यांत एका लेझरचा किरण बारीक नक्षीच्या पारदर्शक पट्टीतून जातो आणि त्याचे शेकडो ठिपके होतात. ढग म्हणजे फिरणाऱ्या नागमोडी काचेतून येणारा एलईडीचा उजेड. ठिपक्यांची जागा त्या पट्टीवर ठरते, आकाशाशी तिचा काही संबंध नाही. नीट पाहिलं तर तीच नक्षी पुन्हा पुन्हा उमटलेली दिसते. झोपताना मंद उजेड हवा असेल तर जरूर घ्यावं, वाईट वस्तू नाही. पण आकाश ओळखणाऱ्या माणसासाठी ते नाही. आणि लहान मुलांच्या घरात घेणार असाल तर लेझरचा वर्ग डब्यावर छापलाय का ते आधी बघा. वर्ग २ म्हणजे एक मिलिवॅटपेक्षा कमी, चुकून डोळ्यावर आला तर पापणी मिटेपर्यंत निभावतं. आमच्या डब्यावर काहीच छापलेलं नव्हतं. आत वाकून बघायची सवय असलेली आठ वर्षांची मुलगी घरात असताना मला ते ठेवायचं नव्हतं.

परत करायला गेले तर विक्रेता म्हणाला, बदलून मिळेल, पैसे मिळणार नाहीत. तीन वेळा चॅटवर तेच उत्तर आलं. ९ नोव्हेंबरला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. बिलाचा क्रमांक, तारीख, डब्याचे चारही बाजूंचे फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट तयार ठेवले होते, त्यामुळे तक्रार दहा-बारा मिनिटांत नोंदली गेली आणि मेसेजवर तक्रार क्रमांक आला. मधे दिवाळी गेली. २० ला वस्तू घ्यायला माणूस आला, २८ ला पूर्ण पैसे खात्यात जमा झाले. वस्तू उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. मी काढला नव्हता, आणि तो नसल्यामुळे दोन दिवस जास्तीचे गेले.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला म्हटलं, आपणच करू या. माझं माहेर पुण्याचं. टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमधलं तारांगण मी शाळेत असताना पाहिलं होतं. १९५४ सालचं ते. तिथलं यंत्र स्पिट्झ यांच्या पद्धतीचं, म्हणजे बारा पंचकोनी बाजूंचा डबा, त्याला ताऱ्यांच्या जागी छिद्रं आणि आत एक दिवा. तत्त्व इतकं साधं आहे की घरात जमतं. काळ्या कार्डशीटचे पंचकोन कापले, नकाशावरून ठळक तारे उतरवले, दाभणाने मोठे आणि सुईने लहान. लेकीने दोनशेच्या वर छिद्रं पाडली. कार्डशीट, टेप आणि छोटा एलईडी मिळून १८० रुपये. यात एकच गोष्ट महत्त्वाची आहे, आतला दिवा जितका बारीक तितका तारा नेटका. साधा बल्ब टाकला की प्रत्येक छिद्राचा छतावर बोराएवढा डाग पडतो. आम्ही टॉर्चमधला एलईडी काढून त्याची पुढची काच-टोपी न लावता वापरला तेव्हा डाग हरभऱ्याएवढे झाले.

पाडव्याच्या रात्री नानांनी त्यात पहिल्यांदा खाट ओळखली. सप्तर्षींना ते म्हातारीची खाट म्हणतात, चार खूर आणि मागे तीन चोर. "हा मधला चोर जरा खाली सरकलाय," म्हणाले. खरंच सरकला होता, पंचकोनाच्या कडेवर आला होता. नातीला खूप बरं वाटलं, तिने ते छिद्र बुजवून नवं पाडलं. पण दोनशे ताऱ्यांचं आकाश रिकामं दिसतं, आणि डबा हलला की सगळं आकाश हलतं. चार दिवसांनी टेप सुटायला लागली. तरी मी म्हणेन, पैसे खर्च करण्याआधी एकदा हा डबा करून बघा. आपल्याला नेमकं काय हवंय ते त्यातून कळतं. आम्हाला कळलं की नानांना रंग, ढग, संगीत काही नको होतं. ओळखीचे तारे ओळखीच्या जागी हवे होते, आणि ते उगवून मावळायला हवे होते.

२५ नोव्हेंबरला, शनिवारी, यांनी ऑफिसातून दोन दिवसांसाठी सभेचा प्रोजेक्टर आणला. लॅपटॉपवर स्टेलॅरियम टाकलं. ते फुकट आहे, ठिकाण आणि वेळ दिली की त्या क्षणाचं आकाश दाखवतं, ग्रहांसकट. ठिकाण नाशिक, २० अंश उत्तर. नानांनी क्षणात गुरू ओळखला, तेव्हा तो मेष राशीत होता आणि संध्याकाळी पूर्वेकडे ठळक दिसायचा. अचूकपणात याला तोड नाही. अडचण काळोखाची आहे. असा प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, जिथे काही नाही तिथेही थोडा उजेड सांडतोच. छतावर करडा चौकोन उमटला आणि बारीक तारे त्यात विरघळले. शिवाय पंख्याची घरघर. रात्रभर चालवायची ती वस्तू नव्हे. मुलांना समजावून सांगायला मात्र तीच उत्तम. सोमवारी प्रोजेक्टर परत गेला.

मग उरलं तबकडीचं यंत्र. या प्रकारातलं नावाजलेलं म्हणजे जपानच्या तेव्हाच्या सेगा टॉयज कंपनीचं होमस्टार. ताकायुकी ओहिरा या तारांगणं घडवणाऱ्या अभियंत्याबरोबर त्यांनी ते २००५ मध्ये आणलं. ओहिरांनी त्याआधी १९९८ साली मेगास्टार नावाचं यंत्र केलं होतं, त्यात दहा लाखांहून जास्त तारे होते. घरगुती यंत्रात एका तबकडीवर साठेक हजार तारे असतात. तबकडी म्हणजे खऱ्या नकाशावरून छापलेली फिल्म. मागून एलईडी, पुढे भिंग, भिंगाला फोकसची कडी. स्लाइड प्रोजेक्टर आठवत असेल तर तेच. आता या पद्धतीची यंत्रं इतरही कंपन्या करतात. किंमत दोन गोष्टींवर ठरते, भिंगावर आणि तबकडीच्या छपाईवर. ताऱ्यांच्या आकड्यावर भाळू नका. अगदी अंधाऱ्या रानातसुद्धा उघड्या डोळ्यांना एका वेळी अडीच-तीन हजारांच्या आसपासच तारे दिसतात. ठळक तारा ठळक आणि अंधुक तारा अंधुक दिसतोय का, हे विचारा. तो फरक नसेल तर साठ हजारांत तिकांडं हरवतं.

नाशिकमध्ये मी महात्मा गांधी रोड आणि कॉलेज रोडवरची दुकानं पालथी घातली. सगळीकडे गॅलक्सी लाईटच. बाहेरून कुरियरने मागवायचं तर कुरियरवाल्याने आधी हिशोब पाठवला. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर तेव्हा मूळ सीमाशुल्क ३५ टक्के होतं, त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर पुन्हा २८ टक्के आयजीएसटी. एकूण ७७ टक्क्यांच्या वर. किंमतच नव्हे, वाहतूक खर्चसुद्धा धरून. वर आधार किंवा पॅन देऊन केवायसी, हाताळणीचा खर्च वेगळा. "भेट म्हणून पाठवा" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. दर बजेटमध्ये बदलतात, त्यामुळे मागवायच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या.

नशिबाने नणंदेचा मुलगा टोकियोत नोकरीला होता आणि नाताळात घरी येणार होता. परतणाऱ्या प्रवाशाला त्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता यायचं. यंत्र त्याला रुपयांत साधारण ९,४०० ला पडलं. बिल पाकिटात ठेव, खोकं फेकू नको, एवढं त्याला दोनदा सांगितलं. तो २३ डिसेंबरला मुंबईत उतरला, २५ ला नाशिकला आला आणि आजोबांच्या उशाशी खोकं ठेवलं.

त्याच रात्री लावायचा मोह झाला होता. बरं झालं, चार्जरवरची बारीक अक्षरं वाचली. आत फक्त १०० व्होल्ट लिहिलेलं होतं. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. लावलं असतं तर चार्जर जागीच जळाला असता. जपानहून काहीही आणलं की "१००–२४०" लिहिलंय का ते बघा, नसेल तर प्लगला हात लावू नका. यंत्राच्या पोटावर ५ व्होल्ट आणि पिनच्या ध्रुवतेची खूण होती, मधे धन, बाहेर ऋण. दुसऱ्या दिवशी यंत्रच पिशवीत घालून महात्मा गांधी रोडला गेले. आधी दिलेली पिन सैल बसत होती, दुसरी बरोबर बसली. दुकानदाराने मीटर लावून ध्रुवता दाखवली. २५० रुपये. चार्जर घ्यायला जाताना यंत्र सोबत न्या, फोटोवर काम होत नाही.

२६ डिसेंबर, मंगळवार. दत्तजयंती. जेवणं आटोपून सगळे नानांच्या खोलीत बसलो. राउटरचा, इन्व्हर्टरचा, टीव्हीच्या डब्याचा दिवा, सगळ्यांवर काळी इन्सुलेशन टेप. खिडकीला पडद्याच्या आत जाड चादर. तरी सुरुवातीची दहा मिनिटं काही खास वाटलं नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्याआधी यंत्राबद्दल मत बनवू नका. मी फोकसची कडी हळूहळू फिरवली, तारे सुईच्या टोकासारखे झाले. आणि खोली नाहीशी झाली. मला दुसरा शब्द सुचत नाही.

नाना काही बोलेनात. मग हळूच म्हणाले, "खाट आहे. तिकांडं आहे. ह्या कृत्तिका." आमचे डोळे भरून आले होते. यंत्र आकाश फिरवतं, खऱ्या दिवसाऐवजी काही मिनिटांत एक फेरी. पाचेक मिनिटं पाहून ते म्हणाले, "पण हे उलटं चाललंय."

मला वाटलं त्यांचा भास. ते म्हणाले, "व्याध पुढं आणि कृत्तिका मागं, असं कधी असतं का? आधी कृत्तिका, मग रोहिणी, मग मृग, त्याच्यामागं व्याध. हीच वरात. आणि आज पुनव, मार्गशीर्षातली. चंद्र मृगापाशी असणार, तोही नाही ह्यात."

चंद्र आणि ग्रह अशा तबकडीवर नसतात, ते रोज जागा बदलतात. पण वरातीबद्दल ते बरोबर होते. मी तबकडी उलटी घातली होती. तारे सगळे होते, आकार सगळे होते, फक्त आरशात पाहावं तसं. पत्रकात बाणाची खूण होती, जपानीतला मजकूर मी वगळला होता. तबकडी फिरवून घातली आणि वरात सरळ झाली. तबकडी घालताना कडेलाच धरा, बोटाचा ठसा छतावर ढगासारखा दिसतो.

भाच्याने गच्चीवर जाऊन पाहिलं. पुनवेच्या उजेडात बाकी आकाश धुतलेलं होतं, पण चंद्र मृगाजवळ होता. खाली येऊन त्याने आजोबांना सांगितलं.

पुढचा आठवडा जागा ठरवण्यात गेला. हा भाग कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या तबकडीत ध्रुव अगदी मधोमध आहे, तो हलत नाही, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. यंत्र सरळ वर केलं की ध्रुव डोक्यावर येतो. ते उत्तर ध्रुवावरचं आकाश झालं. नाशिकहून ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असतो. म्हणून नानांचा पलंग पूर्वेला डोकं करून लावला आणि यंत्र स्टुलावर तिरकं ठेवून ध्रुव त्यांच्या उजव्या हाताच्या, उत्तरेच्या भिंतीवर खाली पाडला. आता मृग उशाकडून येतो, छतावरून सरकतो आणि पायांकडे मावळतो. गावाला ओट्यावर बाज टाकली की जसा मावळायचा तसा. तिरकं ठेवल्यावर भिंत जवळ पडते आणि छत लांब, दोन्हीकडे एकदम फोकस होत नाही. आम्ही मृगावर फोकस ठेवतो, ध्रुव थोडा पसरट चालतो. आणखी एक युक्ती हाती लागली. कडी किंचित ढिली केली की अंधुक तारे विरून जातात आणि ठळक तेवढे उरतात. लेकीला नक्षत्रं शिकवताना नाना तसंच करायला लावतात.

छताला चकचकीत रंग असेल तर यंत्राचा उजेड परत चमकतो. आमच्याकडे साधा पांढरा डिस्टेंपर होता, ते बरं झालं. यंत्र पडद्यापासून, म्हणजे आपल्या छतापासून, दोनेक मीटरवर लागतं. आपल्याकडे स्लॅब साडेनऊ-दहा फुटांवर असतो, त्यामुळे यंत्र जमिनीपासून तीनेक फुटांवर ठेवावं लागतं. आणि छताचा पंखा. त्याच्या पात्यांची सावली नेमकी रोहिणीवर. थंडीत बंद ठेवून चाललं. मार्चमध्ये इलेक्ट्रिशियनला बोलावून तो उतरवला आणि भिंतीवरचा पंखा बसवला, मजुरीसकट २,७०० रुपये. घेण्याआधी आपल्या खोलीत पंखा कुठे आहे ते बघा, हा खर्च कुठल्याच जाहिरातीत नसतो.

नाना जानेवारीअखेर वॉकर घेऊन उभे राहिले. रात्री मला हाक मारणं त्याआधीच बंद झालं होतं. एकदा पहाटे पाणी द्यायला गेले तर जागेच होते. यंत्राचा टायमर संपून आकाश थांबलं होतं. म्हणाले, "राहू दे. तीन वाजले असतील." पाच मिनिटांचा फरक होता. कसं कळलं ते मी विचारलं नाही.

एकच कमी राहिली होती. एप्रिलच्या सुरुवातीला ते नातीला म्हणाले, "ह्यात अगस्ती नाही." अगस्ती दक्षिणेला खूप खाली असतो, उत्तर गोलार्धाच्या आमच्या तबकडीत तो येत नाही. नाशिकहून मात्र दिसतो, क्षितिजापासून वीस अंशांच्या आत. दक्षिणेची तबकडी वेगळी मिळते, पण ती लावली की ध्रुव आणि खाट जाते. लेकीने शाळेजवळच्या दुकानातून दहा रुपयांना रेडियमच्या चांदण्यांचा कागद आणला. अंधार केला, व्याध दक्षिणेकडच्या कोपऱ्यावर येईपर्यंत थांबलो आणि यंत्राचं फिरणं बंद केलं. ती खुर्चीवर चढून डाव्या हाताच्या भिंतीवर बोट फिरवत होती.

"व्याधाच्या खाली ये," नाना पलंगावरून सांगत होते. "अजून खाली. अजून. जरा पायांकडं... बास. तिथं."